उजव्या पायाचे एकशे अडतीस

लाँड्रीच्या मागच्या खोलीतल्या फरशा बरोबर तीस सेंटिमीटरच्या होत्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी आई पुढे इस्त्र्या तापत ठेवायची आणि मागे तिची मोठी मुलगी कपड्यांच्या टोपल्या भिंतीला सरकवून एका पायावर उड्या मारायची. आधी उजव्यावर, मग डाव्यावर. उजवा पाय पाच फरशा ओलांडून सहाव्या फरशीत उतरायचा आणि खुंटीसारखा उभा राहायचा. डावा पाचव्या फरशीच्या मध्याच्या थोडा पुढे पोचायचा, आणि पोचल्यावर घोट्यापासून मांडीपर्यंत थरथरायचा.

"शेजारचा चष्मेवाला विचारत होता, नवीन मशीन बसवलंत का," आई पुढून म्हणाली. "म्हटलं, जुनंच आहे. दोनदा दुरुस्त केलंय."

"तिसऱ्यांदा नाही करावं लागणार."

"ते तू ठरवतेस की गुडघा?"

मुलगी पुन्हा डाव्या पायावर उभी राहिली. पंधरा तारखेला आठ दिवस राहिले होते.

घराबाहेर तिला सगळे शिडी म्हणत. सहा फूट एक इंच उंची. व्हॉलीबॉलच्या क्लबात ती पहिल्यांदा गेली तेव्हा कोणीतरी जाळी बांधता बांधता विचारलं, "शिडी कुठे ठेवलीय?" आणि कोच सरांनी काही न बोलता दारात उभ्या असलेल्या या मुलीकडे बोट दाखवलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. पुढे ती क्लबाशी करार केलेली खेळाडू झाली, तिच्या नावाचा शर्ट छापला गेला, वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला. पण शिडी हे नाव सुटलं नाही. तिचं काम अडवण्याचं. जाळीच्या मधोमध उभं राहायचं आणि समोरचा चेंडू मारणार त्या क्षणी उडी घेऊन दोन हातांची भिंत करायची. एका सामन्यात अशा साठ-सत्तर उड्या. बघणाऱ्यांचं लक्ष वर जाण्याकडे असतं. गुडघ्याला मात्र खाली येण्याशी काम.

पंचविसाव्या वर्षी डावा गुडघा गेला. कोणी धक्का दिला नाही, कोणाच्या पायावर पाय पडला नाही. ती नेहमीसारखी उतरली आणि गुडघा आत वळला. वाळकी काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. तो तिच्याखेरीज फक्त शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टनने ऐकला. आत हाडांना एकमेकांशी धरून ठेवणारा पट्टा तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिन्यांनी ती मैदानात परत आली आणि चौथ्या सामन्यात तोच गुडघा तसाच पुन्हा गेला. या वेळी आतली गादीही फाटली. दुसऱ्या शस्त्रक्रियेला आता चौदा महिने झाले होते.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. मधलं एक माहीत नव्हतं.

गुडघा खेळण्याइतका बरा झाला की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. दुखणं थांबलं म्हणजे ताकद आली असंही नाही. म्हणून उडीची चाचणी असते. जमिनीवर मोजपट्टी चिकटवलेली असते. एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद हलायचं नाही. टाचेपाशी खडूची रेघ ओढतात. तीन उड्यांतली सगळ्यात लांब धरतात. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखऱ्याचं अंतर चांगल्याच्या नव्वद टक्के भरलं, तर खेळायच्या परवानगीचा कागद मिळतो. नाही भरलं, तर परत व्यायाम. माणसाचा एक पाय दुसऱ्याचा साक्षीदार, असा सगळा मामला.

आणि साक्षीदार फितवता येतो. खेळाडूंच्या खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी कॅप्टन बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली होती, "दुखऱ्यावर जीव काढत बसू नकोस. चांगला जरा राखून मार."

"म्हणजे?"

"वर्गात वर यायचे दोन रस्ते असतात बाई. एक, आपण अभ्यास करायचा. दुसरा, पहिल्या नंबरवालीने पेपर सोडायचा." कॅप्टनने नाडीची गाठ ओढली. "मी दुसऱ्याने आले. बघ, काही झालं का मला?"

दुसऱ्या दिवशी शिडीने उजव्या पायावर एकशे अडतीस सेंटिमीटर उडी मारली. डाव्यावर एकशे सव्वीस. एक्क्याण्णव टक्के. क्लबच्या फिजिओंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि कागदावर सही केली. मनात आणलं असतं तर उजवा पाय वीस सेंटिमीटर पुढे गेला असता, हे तिला माहीत होतं. त्या मापाने डावा पाय ऐंशी टक्केसुद्धा भरत नव्हता.

चौथ्या सामन्यानंतर खापर फोडायला एक डोकं लागणार होतं. क्लबच्या समितीने ते फिजिओंच्या डोक्यावर फोडलं. कागद घाईने दिला, असं ठरलं, आणि त्यांचं बारा वर्षांचं काम एका बैठकीत संपलं. शिडी तेव्हा पाय पट्ट्यांत बांधून पलंगावर पडली होती. तिला कोणी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

फिजिओंनी मग टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. बाहेरच्या खोलीत बाक आणि वर्तमानपत्रं, आतल्या खोलीत दोन पलंग, एक लाकडी पायरी, वजनांची चळत, भिंतभर आरसा आणि एक प्लॅस्टिकचा सांगाडा, ज्याच्या उजव्या पायाची करंगळी केव्हातरी हरवली होती. खालून रबराचा वास यायचा. दर पंधरा मिनिटांनी हवेचं मशीन चालू व्हायचं आणि जमीन पायाखाली किंचित गुणगुणायची. फिजिओ पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ते डॉक्टर नव्हते, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, आणि दुरुस्त करून करून तेही थकले होते.

आता त्यांच्याकडे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. कोणाचा खांदा, कोणाची कंबर, बाकी सगळे गुडघे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. फिजिओ पाणीसुद्धा फुंकून पीत होते. ज्याला सहा आठवड्यांत जिना चढू द्यायचा, त्याला ते चार महिने लिफ्टने पाठवत. लिफ्ट नसली तर बहिणीकडे राहायला जा म्हणत. एक निवृत्त ग्रंथपाल बाई दर भेटीला नव्या आलेल्याला सांगायच्या, "इथे पेशंट म्हणून आत यायचं आणि नातेवाईक म्हणून बाहेर पडायचं, बरं का. मी आता चुलत आत्या झालेय."

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी शिडी कुबड्या टेकत त्यांचा जिना चढून आली. फिजिओ दारातच थांबले. "क्लबाने नवा माणूस ठेवलाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मला तुमच्याकडे करायचंय."

त्यांनी आणखी विचारलं नाही. पलंगावरची चादर बदलली.

घरी तिने आईला सांगितलं, जवळ पडतं. आईने मान डोलावली. आईला आठ तास उभं राहून इस्त्री करायची सवय होती आणि संध्याकाळी ती घराचा जिना खेकड्यासारखा आडवा चढायची. "माझे दोन्ही गुडघे तीस वर्षं बोलतायत," ती म्हणायची, "त्यांच्याकडे कधी कोणी टेप घेऊन आलं नाही. तुझा एक बोलला तर केवढी ही सरबराई."

तिसऱ्या आठवड्यात फिजिओ तिचा पाय दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवत होते. वाकवता वाकवता, जणू गुडघ्याशीच बोलावं तसं म्हणाले, "मागच्या वेळी माझं कुठेतरी चुकलं. तुझी फाइल मी किती वेळा काढून बघितली. आकडे बरोबर आहेत. म्हणजे माझी नजरच चुकली असणार."

ती छताकडे बघत राहिली. छताला एक बारीक भेग होती आणि ती दिव्यापर्यंत जाऊन थांबली होती.

त्या दिवशी सांगता आलं असतं. नंतर रोज सांगता आलं असतं. पण न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी थोडी जड होते, तिसऱ्या दिवशी आणखी. वजनं वाढवत नेण्याचा व्यायाम तिला चांगला कळत होता. हाही तिला त्याच जातीचा वाटायला लागला. ती वेळेवर येत होती, सांगतील त्यापेक्षा जास्त वेळा पाय उचलत होती, घामाने चादर भिजवत होती. फिजिओ पाण्याचा पेला पुढे करायचे आणि ती तो दोन्ही हातांनी घ्यायची.

आता पंधरा तारीख येत होती. पंधराला क्लबाची हंगामाची यादी वर जाणार. कागद असेल तर तिचं नाव यादीत, नसेल तर करार आपोआप संपणार. क्लबाला सही कोणत्याही फिजिओची चालत होती, फक्त आकडे नव्वदच्या वर हवे होते.

आणि आकडे तिने लाँड्रीतल्या फरशांवर मोजले होते. उजवा एकशे अठ्ठावन्न, डावा एकशे एकोणचाळीस. अठ्ठ्याऐंशी टक्के. दोनच टक्क्यांचा प्रश्न. उजव्याने एकशे चोपन्नला थांबायचं, की झालं. चार सेंटिमीटर म्हणजे तीन बोटंसुद्धा नाहीत. एकशे अठ्ठावन्न मारली, तर कागद जाईलच. जुन्या फाइलमधले एकशे अडतीस दोन्ही वेळी दिसणार होते, पण तो फरक व्यायामावर ढकलता येईल, असं तिने धरलं होतं.

बारा तारखेला कॅप्टन संघाच्या शर्टांचं गाठोडं घेऊन दुकानात आली.

"काय गं, तुमच्यात कोणी घाम गाळायचं शिल्लक आहे वाटतं," आई शर्ट मोजत म्हणाली. "मला वाटलं, आता फक्त सह्या गोळा करता."

"काकू, तुमच्याकडे आलं की अंगावरची इस्त्री मोडते बघा," कॅप्टन म्हणाली आणि शिडीला बाजूला घेतलं. "सरांनी तुझ्या जागी एक पोरगी बघून ठेवलीय. वय एकोणीस. उंची तुझ्याएवढी. गुडघे नवे कोरे, अजून वेष्टनसुद्धा काढलेलं नाही."

"माहितीये."

"मग त्या जुन्याकडे कशाला पडलीयस? नव्याकडे जा. त्याच्याकडे तुझी फाइल नाही. राख थोडा चांगला, घे कागद, ये परत."

"जुने जवळ पडतात."

"नवा क्लबातच बसतो. त्याहून जवळ काय, तुझ्या खिशात बसवू?"

शिडीने भिंतीलगतची टोपली पायाने आत सरकवली. कॅप्टनने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण कॅप्टनच्या मनात तसं काही नव्हतं. तिचं जमून गेलं होतं. "कर तुला करायचं ते," ती म्हणाली. "माझी अजून दोन वर्षं आहेत. शेजारी कोणीतरी ओळखीचं उभं असावं एवढंच."

तेराला सकाळी चाचणी होती. फिजिओंनी पलंग भिंतीला लावून जागा केली होती. मोजपट्टी त्यांनी आदल्या दिवशीच चिकटवली होती. आता खिशातल्या रुमालाने ते तिच्यावरची धूळ पुसत होते. मग खडू घेऊन पट्टीच्या कडेला दोन्ही गुडघ्यांवर बसले. बसताना त्यांनी पायरीचा आधार घेतला.

"आज मी प्रत्येक उडी तीनदा मोजणार आहे," ते म्हणाले. "कंटाळू नकोस. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

तिने उजव्या पायावर पहिली उडी मारली. एकशे एकोणपन्नास. अंदाज घेण्यासाठी होती. त्यांनी तीनदा मोजली. दुसरी उडी एकशे चोपन्नवर उतरली, बरोबर रेघेवर, ठरवल्याप्रमाणे. सहा दिवस फरशांवर घोटवलेली उडी. टाच टेकली तेव्हा आपल्या पायाचं तिला थोडं कौतुकही वाटलं. फिजिओंनी वाकून पट्टी पाहिली, पुन्हा पाहिली, चष्मा वर करून तिसऱ्यांदा पाहिली आणि खडूची रेघ ओढून तिच्या कडेने बोट फिरवलं, सरळ आली की नाही ते बघायला.

"तिसरी," ते म्हणाले.

तिसरी कितीही कमी मारता आली असती. लांब ती धरली जाते. चोपन्न हातात होती. ती रेघेमागे उभी राहिली. खाली वाकलेल्या माणसाच्या मानेवर केस कापल्याची ताजी रेघ दिसत होती, आणि तो रेघेवरून बोट काढायलाच तयार नव्हता. तिने हात मागे घेतले, गुडघा वाकवला आणि पाय मोकळा सोडला.

एकशे अठ्ठावन्न.

फिजिओंनी तीनदा मोजली. मग पायरीचा आधार घेऊन उठले, कपाटाकडे गेले, फाइल काढली. त्यांना ती शोधावी लागली नाही. उभ्या उभ्या त्यांनी पान पाहिलं.

"एकशे अडतीस होती," ते म्हणाले. पानावर बोट ठेवून म्हणाले, "वीसने वाढली. चौदा महिन्यांत पाय सुधारला असेल. व्यायाम तू मनापासून केलास."

रस्ता त्यांनीच करून दिला होता, बऱ्यापैकी रुंद. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाही एवढाच होता."

खाली हवेचं मशीन चालू झालं. फिजिओ फाइल घेऊन पुन्हा पट्टीपाशी बसले.

"डावा मार," फिजिओ म्हणाले.

एकशे छत्तीस, एकशे एकोणचाळीस, एकशे सदतीस. प्रत्येक तीनदा मोजून झाल्यावर त्यांनी फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने भागाकार केला. "अठ्ठ्याऐंशी."

"हो."

"ही युक्ती कोणी शिकवली ते विचारत नाही. ती माझ्यापेक्षा जुनी आहे. क्लबात बारा वर्षं होतो, मलाच कळायला हवी होती." त्यांनी फाइल बंद केली, आणि आवाज न चढवता म्हणाले, "सव्वा वर्ष मी लोकांना जिने चढू दिले नाहीत. धडधाकट माणसं. त्या ग्रंथपाल बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, त्या चार महिने भावाच्या दिवाणखान्यात झोपतायत. मला वाटलं, माझी नजर गेली."

तिने पट्टीच्या कडेला पडलेला खडू उचलून पायरीवर ठेवला. 

"कागद मिळणार नाही. अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशी."

"मी मागितला नाही."

"मागितला असतास तरी." त्यांनी दाराकडे पाहिलं, बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकत होतं. "उद्यापासून येऊ नकोस. यायचं असेल तेव्हा मी कळवेन."

ती तिथून थेट क्लबात गेली. कोच सर एकटेच होते, जाळीची दोरी ताणत होते. तिने उभ्या उभ्याच सांगितलं: कागद मिळाला नाही, का मिळाला नाही, आणि मागचा कसा मिळाला होता.

सरांनी दोरीची गाठ मारली, जाळीवर तळहात दाबून ताण पाहिला. "हे आता सांगून काय मिळालं तुला?"

"फिजिओंची चूक नव्हती."

"ते मला माहितीये."

तिला वाटलं, त्यांना आत्ताच, तिच्या तोंडून कळलेलं म्हणायचंय. पण सर पुढे म्हणाले, "सहा फूट एक इंचाची पोरगी चांगल्या पायावर एकशे अडतीस मारते. मी काय दूधखुळा आहे? तो कागद माझ्या टेबलावर आला तेव्हाच हसू आलं होतं. पण सामने तोंडावर होते, मधली जागा रिकामी होती. म्हटलं, ही तयार आहे तर आपण कोण अडवणार."

"मग बैठकीत का बोलला नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

  सर दुसऱ्या खांबाकडे गेले.

"मी समितीला लिहून देणार आहे," ती म्हणाली.

"देऊ नकोस. एक तर तुला बाहेर बसवतील. आणि मग माझ्यापर्यंत येईल."

"तुमचं नाव मी घालणार नाही. ते तुम्ही लिहा."

"मी नाही लिहिणार," सर म्हणाले. ते खरं बोलणारे होते, निदान त्या दुपारी.

पत्र तिने लाँड्रीच्या काउंटरवर लिहिलं. पाच ओळी झाल्या. पहिल्या चाचणीत मी उजवा पाय मुद्दाम राखून उडी मारली, फिजिओंनी मोजलं ते बरोबर मोजलं, दुखापतीला मी जबाबदार आहे. सहाव्या ओळीवर ती अडखळली तेव्हा आईने इस्त्री उभी केली आणि कागद ओढून वाचला. वाचून झाल्यावर तिने शर्टाची एक कॉलर बोटाने सरळ केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलली असतीस."

"बोलायलाच हवं होतं." आईने कागद परत सरकवला. "आणि खाली क्षमस्व लिहू नकोस. ते आपण शर्टाचं बटण हरवलं की लिहितो. जे केलंस ते लिहिलंयस, सही कर."

यादी पंधराला गेली. त्यात एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव होतं. समितीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: एक हंगाम बंदी, पुढच्या यादीच्या वेळी योग्य प्रमाणपत्रासह अर्ज करता येईल. कोच सरांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. कॅप्टन शर्ट टाकायला येत राहिली, पण गाठोडं आता ती आईच्या हातात देऊन जायची.

फिजिओंचा निरोप समितीच्या उत्तराच्या आधीच, चाचणीनंतर अकराव्या दिवशी आला होता. फोनवर ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सात वाजता. वजन वाढवायचंय."

ती गेली. त्यांनी मागचं काढलं नाही, तिनेही नाही. पूर्वी ते व्यायामाच्या मधे इकडचं तिकडचं बोलत, सांगाड्याची करंगळी कशी हरवली याची दर वेळी वेगळी गोष्ट सांगत. आता फक्त आकडे बोलत: किती किलो, किती वेळा, किती सेकंद. पाण्याचा पेला ते पायरीवर ठेवून जात. ग्रंथपाल बाईंना मात्र त्याच आठवड्यात जिन्याची परवानगी मिळाली, आणि त्यांनी ती संशयाने घेतली. "गेल्या बुधवारी तर तुम्ही मला उंबरासुद्धा जपून ओलांडायला सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आठवड्यात माझे गुडघे तरुण झाले की तुमचं डोकं फिरलं?"

"माझं डोकं ठिकाणावर आलंय," फिजिओ म्हणाले. शिडी आतल्या खोलीत पायरीवर चढत-उतरत होती. तिने मोजणं थांबवलं नाही.

क्लबाने त्यांना परत बोलावलं. गैरसमज झाला होता, असं पत्रात होतं. त्यांनी बघू म्हटलं आणि सात महिने बघतच राहिले.

पुढच्या यादीच्या आठवडाभर आधी तिची चाचणी ठरली. त्या सकाळी फिजिओंच्या खोलीत एक अनोळखी तरुण बाई होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला काम करणारी फिजिओ. "ती मोजेल," फिजिओ म्हणाले. "मी तुझ्याबरोबर फार दिवस आहे." त्यांनी खडू त्या बाईंच्या हातात दिला आणि जिना उतरून गेले.

त्या बाईंनी प्रत्येक उडी एकदाच मोजली. हात चपळ, बोलणं मोजकं. उजव्याच्या तीन उड्या, डाव्याच्या तीन. शिडीने सहाही उड्या श्वास धरून मारल्या आणि कुठलीही राखली नाही. डावा एकशे एकोणपन्नासवर उतरला आणि थरथरला नाही. बाईंनी कॅल्क्युलेटर दाबला. "साडेब्याण्णव," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही करून तो पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून वजनाखाली ठेवला. "छान आहे गुडघा. कोणी केलं तुमचं काम?"

"यांनीच," शिडी म्हणाली.

कागद घडी न घालता हातात धरून ती जिना उतरली. खाली फिजिओ टायरवाल्याशी बोलत होते. त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक बदलायला झालं होतं आणि टायरवाला म्हणत होता की दोन्ही बदला, एक नवं आणि एक जुनं नीट चालत नाहीत. फिजिओंना ते पटत नव्हतं. तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. कागदाकडे पाहिलं, तो घ्यायला हात मात्र पुढे केला नाही.

"उजवा किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे एकसष्ट."

त्यांनी मान डोलावली, आणि टायरवाल्याकडे वळून आपलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.